लष्कराचा मक्ता आणि माणसाची मजुरी



आजचा आमचा विषय ऐकून पुष्कळांना नवल वाटले असेल. मजूर संघटनेच्या माणसाने महागाईभत्त्यावर बोलावे, संपावर बोलावे. त्याने लष्कराच्या खरेदीविषयी बोलण्याचे कारण काय? तेव्हा प्रथमच सांगून टाकतो की तोफा, रणगाडे आणि विमाने यांच्या खरेदीविषयी आम्ही काही बोलणार नाही. तो आमचा प्रांत नव्हे. आम्ही बोलणार आहोत ते लष्कर रोज विकत घेत असलेल्या श्रमाविषयी. बराकी झाडणे, गटारे उपसणे, मेसमध्ये भांडी घासणे, बागेचे गवत कापणे, पंपघर चालवणे, दवाखान्यातील चादरी धुणे, मालगाडीतून खोकी उतरवणे, कोठारावर पहारा देणे, ही सारी कामे आज फार मोठ्या प्रमाणावर मक्त्याने होतात. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी या छावण्यांच्या आसपास राहणाऱ्यांना हे मुद्दाम सांगायला नको. आपल्या शेजारच्या चाळीतली एखादी बाई पहाटे पाचला डबा घेऊन छावणीच्या फाटकाकडे निघते, ती याच कामाला.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते निविदांची कागदपत्रे, हजेरीपट आणि न्यायालयांचे निकाल वाचून. त्यामुळे बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. परंतु हिशेब सापडेल.

सैन्य पोटावर चालते हे सर्वांना ठाऊक आहे. पण पोटापर्यंत अन्न पोचवणाऱ्याला आपल्या भाषेने काय नाव दिले, ते पाहा. 'बाजारबुणगे'! आज हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. मूळचे बुणगे म्हणजे लष्कराबरोबर चालणारे वाणी, भिस्ती, मोतद्दार, लोहार, गवत कापणारे, ओझी वाहणारे. लमाणांचे तांडे बैलांवर धान्य लादून फौजांच्या मागे चालत. १८०३ साली मराठ्यांविरुद्ध लढताना इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याचीही सारी भिस्त या तांड्यांच्या धान्यावर होती. १७६१ साली पानिपतावर रसद तुटली आणि उपाशी पोटाने लढाईला उभे राहावे लागले, ही कहाणी आपण लहानपणापासून ऐकतो. तरीही पोवाडा तलवारीचा होतो, गोणीचा होत नाही.

याला एक मोठा अपवाद आपल्याच इतिहासात आहे. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीस असलेल्या आपल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र पुष्कळांनी वाचले असेल. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणे आणि वैरण बेताने खर्च करा. आज उधळाल तर पुढे घोड्यांना मिळणार नाही आणि मग लोक कुणब्याच्या घरचे दाणे, गवत, भाजी घेऊ लागतील. जे लागेल ते बाजारात पैसे देऊन विकत आणा, रयतेवर जबरदस्ती करू नका. दिव्याची वात उंदराने पळवली तर गवताची गंजी पेटेल, तेव्हा तिकडेही लक्ष असू द्या. असा त्यातला आशय आहे. राज्यकर्ता उंदरापर्यंत विचार करतो! लष्करी खरेदीची तीन मूलतत्त्वे या एका पत्रात आली आहेत. गरजेचा अंदाज आधी करावा, मोबदला रोख आणि पुरता द्यावा, आणि देखरेख सोडू नये. आज मंत्रालयांच्या जाडजूड नियमपुस्तकांत जे सांगितले आहे, त्याचा गाभा याहून फारसा वेगळा नाही.

परदेशातले एक उदाहरण देतो. १८५४-५५ च्या हिवाळ्यात क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हा बंदरात सामान येऊन पडले होते. पण तेथून काही मैलांवरच्या डोंगरावरील शिपायांपर्यंत ते पोचत नव्हते. शिपायांना कॉफी मिळाली ती न भाजलेली, हिरवी. लोक थंडीने आणि रोगाने मेले. तेव्हा इंग्लंडातील पेटो, ब्रॅसी आणि बेट्स या रेल्वे-कंत्राटदारांनी केवळ खर्चाच्या रकमेत, नफा न घेता, बंदरापासून वर लोहमार्ग बांधून देण्याचे मान्य केले. मजुरांना करार करून नेले. कपडे दिले, अन्न दिले, बरोबर डॉक्टर दिले. १८५५ च्या फेब्रुवारीत काम सुरू झाले आणि काही आठवड्यांत गाड्या धावू लागल्या. पेटो हे पार्लमेंटचे सभासद होते. सरकारी काम घेणाऱ्याने सभासद राहू नये असा नियम होता, म्हणून त्यांनी जागा सोडली. या गोष्टीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. मक्ता ही वस्तू मुळातच वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. काम स्पष्ट असेल, माणसांची सोय असेल आणि घेणाऱ्या-देणाऱ्यांचे हितसंबंध वेगळे ठेवले असतील, तर मक्त्यानेही सैन्य वाचते.

आता आपल्या घरी येऊ. लष्कर ही कामे बाहेर का देते? याचे उत्तर सेनाधिकारी देतात ते खोटे नाही. जवानाला शिकवायला वर्षे लागतात. त्याने गवत कापत बसू नये. निवृत्तिवेतनाचा बोजा वाढत चालला आहे. सैन्याचे 'दात' वाढावे आणि 'शेपूट' आखूड व्हावे, असा विचार सगळ्या जगात चालू आहे. आपल्याकडे २०१६ साली शेकटकर समितीने याच दिशेने शिफारशी केल्या. त्याचाच एक परिणाम म्हणजे लष्करी गोशाळा बंद झाल्या. १८८९ साली अलाहाबादला पहिले मिलिटरी फार्म निघाले होते. २०२१ च्या मार्चअखेर हे सारे खातेच मिटले. आता दूध बाहेरून विकत घेतले जाते. दूध विकत घेणे सोपे आहे. त्याची फॅट मोजता येते, नासले तर परत करता येते. परंतु सेवा विकत घेणे सोपे नाही, आणि आमच्या व्याख्यानाचे मर्म येथेच आहे.

वस्तू आणि सेवा यांत भेद काय? बूट विकत घेतले तर ते कोठारात ठेवता येतात, दहांतला एक काढून फाडून पाहता येतो. झाडलोट कोठारात ठेवता येत नाही. ती झाली त्या क्षणी संपली. काल रात्री पहारेकरी जागा होता की झोपला होता, हे आज सकाळी तपासता येत नाही. म्हणून सेवेच्या खरेदीत निविदा उघडण्याचा दिवस हा शेवट नसून आरंभ असतो. गरज ठरवणे, कामाचे वर्णन लिहिणे, अंदाजपत्रक करणे, निविदा मागवणे, दर तपासणे, करार करणे, ही झाली पहिली अर्धी वाट. रोजची देखरेख, नोंद, बिलाची तपासणी, दंड किंवा शाबासकी आणि शेवटी हिशेब पुरा करणे, ही दुसरी अर्धी वाट. आमचा अनुभव असा की पहिल्या वाटेवर दहा सह्या असतात आणि दुसऱ्या वाटेवर एखादा हवालदार असतो, तोही इतर चार कामे सांभाळून.

नियम नाहीत असे नाही. केंद्राची सर्वसाधारण वित्तीय नियमावली २०१७ सालची आहे आणि सेवा बाहेरून घेण्याविषयी तिच्यात स्वतंत्र नियम आहेत. संरक्षण मंत्रालयाची खरेदी-नियमपुस्तिका २००९ सालची होती. तिच्या जागी १ नोव्हेंबर २०२५ पासून नवी आली. नियमांचा तुटवडा कधीच नव्हता. दुखणे आहे ते 'सर्वांत कमी दर' या एका तत्त्वाच्या आंधळ्या वापरात. छावणीतला मुकादमसुद्धा आता 'एल-वन' हा शब्द वापरतो.

येथे थोडा हिशेब मांडू. समजा, शंभर सफाई कामगार पुरवायचे आहेत आणि कायद्याने एका माणसाचे मासिक वेतन पंधरा हजार रुपये होते. मालकाने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, त्याचा विमा आणि खर्च धरून तेरा टक्के, म्हणजे १,९५० रुपये. कामगार राज्य विम्याचे सव्वातीन टक्के, म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे. एका माणसामागे १७,४३७ रुपये ५० पैसे झाले; शंभरांचे १७,४३,७५०. यांतला एक पैसाही कमी करण्याचा अधिकार कोणाला नाही, कारण तो कायद्याने बांधलेला आहे. मग निविदेत चढाओढ कशावर होणार? कंत्राटदाराच्या सेवाशुल्कावर. हे शुल्क लोक शून्य लिहू लागले. तेव्हा २०१४ साली वित्त मंत्रालयाने सांगितले की शून्य शुल्काची निविदा ग्राह्य धरू नये. त्यावर बहाद्दरांनी काय केले? शेकडा एक पैसा लिहिला! वरच्या हिशेबात शेकडा एक पैसा म्हणजे महिन्याला १७४ रुपये. शंभर माणसे गोळा करणे, त्यांचे गणवेश, पगारपत्रक, बदली माणूस, बँकेची हमी, या साऱ्याचा महिन्याचा मोबदला एकशे चौऱ्याहत्तर रुपये!

भगिनींनो आणि बंधूंनो, एवढ्या पैशांत कोणीही धंदा करीत नाही. मग त्याचा नफा येतो कोठून? याची ठिकाणे तीनच आहेत. पहिले, डोकी. हजेरीपटावर शंभर, प्रत्यक्षात सत्तर. दुसरे, मजुरी. पगार बँकेत जमा होतो, कागद स्वच्छ दिसतो. परंतु बँकेचे कार्ड मुकादमाच्या खिशात असते, किंवा पगाराच्या संध्याकाळी फाटकाबाहेर काही हजार रुपये मोजून परत द्यावे लागतात. तिसरे, सामान. फिनेलमध्ये पाणी, हातमोज्यांच्या जागी काही नाही. आम्ही ज्या ज्या ठिकाणी तक्रारी घेऊन गेलो, तेथे या तिघांपैकी एक तरी सापडलेच.

यात फसवणूक कोणाची झाली? कामगाराची झालीच. पण लष्कराची नाही झाली? त्याने शंभर माणसांच्या कामाचे पैसे दिले आणि सत्तरांचे काम घेतले. दवाखान्याची फरशी जंतुनाशकाने पुसली गेली असे समजून जखमी जवान तेथे निजवला, आणि ती पुसली गेली होती पाण्याने. म्हणून आमचे म्हणणे असे की या बाबतीत कामगाराचे हित आणि सैन्याचे हित ही एकाच नाण्याने मोजायची गोष्ट आहे. जो मजुराची मजुरी मारतो, तो जवानाचेही काही मारतोच.

कोणी म्हणेल, झाडलोटीच्या कामात एवढे काय बिघडते? त्यांना आम्ही वर्धा जिल्ह्यात घेऊन जाऊ. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराजवळ, जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर, खोकी उतरवताना स्फोट झाला. सहा माणसे गेली. एक जबलपूरजवळच्या खमरिया कारखान्याचा कर्मचारी होता. बाकीचे बहुतेक आसपासच्या खेड्यांतून कंत्राटदाराने खोकी उतरवायला आणलेले मजूर. पाठीवर खोके घेणाऱ्या माणसाला त्या खोक्यात काय आहे, ते कसे धरावे, आपटले तर काय होते, हे शिकवणे ही कोणाची जबाबदारी? करारात ती लिहिली नसेल तर ती कोणाचीच नसते. हमाली हा शब्द एकच आहे; पण ज्वारीची गोणी उतरवणे आणि निकामी बॉम्ब उतरवणे हे एक काम नव्हे, आणि ते एकाच दरपत्रकाने विकत घेता येत नाही.

हे दुखणे केवळ आपल्या देशाचे आहे असेही कोणी समजू नये. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशाने इराक आणि अफगाणिस्तानात स्वयंपाक, धुलाई, वाहतूक, पहारा सारे मक्त्याने दिले. त्यांच्याच काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने ऑगस्ट २०११ मध्ये हिशेब केला तो असा, की या मक्त्यांत ३१ ते ६० अब्ज डॉलर उधळपट्टीत आणि लबाडीत गेले. त्याआधी २००७ सालच्या एका समितीला आढळले होते की मक्त्यांचे काम कैक पटींनी वाढले असताना, खरेदीच्या कामाला आयुष्य वाहिलेल्या अधिकाऱ्यासाठी त्या सेनेत जनरलचे एकही पद उरले नव्हते. विकत घेणे वाढले आणि विकत घेणारा शहाणा माणूस मात्र नाहीसा झाला! आणि त्या कामाची मजुरी करायला गेले कोण? नेपाळ, भारत, फिलिपाइन्स येथले गरीब. ऑगस्ट २००४ मध्ये इराकात बारा नेपाळी मजुरांना पळवून ठार मारण्यात आले. ते कोणाचे शिपाई नव्हते. पोटासाठी निघालेली माणसे होती.

इंग्लंडची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९९६ साली तेथील संरक्षण खात्याने सैनिकांच्या कुटुंबांची ५७ हजारांवर घरे १.६६ अब्ज पौंडांना एका कंपनीला विकली आणि तीच घरे भाड्याने घेतली. दुरुस्ती मात्र खात्याकडेच राहिली. पुढे घरांच्या किमती वाढल्या, तो लाभ कंपनीला. २०२५ च्या जानेवारीत त्यातली ३६ हजारांवर घरे परत घेताना सरकारने सुमारे ६ अब्ज पौंड मोजले. आपल्याकडे म्हण आहे, आपलेच दात आणि आपलेच ओठ. येथे तर आपलेच घर आणि आपणच भाडेकरू! एका वर्षाची बचत पाहून तीस वर्षांचा करार करू नये, हा त्यातला धडा.

आता कायद्याचे दोन शब्द. १९६० साली मुंबईच्या तेलशुद्धी कारखान्यातील सफाई आणि देखभालीच्या कंत्राटी कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही कसोट्या सांगितल्या. काम कारखान्याला आवश्यक आहे काय, ते बारमाही आहे काय, तशा प्रकारचे काम इतरत्र कायम कामगार करतात काय, आणि पुरेशा माणसांना पूर्ण वेळ काम मिळेल एवढे ते आहे काय? या कसोट्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात आल्या. २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की कंत्राट बंद झाले म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही. मात्र कंत्राट केवळ देखावा असेल तर गोष्ट वेगळी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७० च्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. पूर्वी वीस कामगारांना लागू होणारा कायदा आता पन्नासांना लागू होतो. मुख्य कामात कंत्राटी माणूस नको असे संहिता म्हणते, आणि मग सफाई, पहारा, उपाहारगृह, बागकाम यांना सर्वसाधारणपणे मुख्य कामातून वगळते. म्हणजे छावणीतली बहुतेक कंत्राटी कामे बाहेरच राहिली. तरी एक गोष्ट शिल्लक आहे, ती घट्ट धरून ठेवली पाहिजे: कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकाची आहे, आणि सरकारी कचेरीतला कंत्राटी कामगारही त्या संरक्षणात येतो.

मग करावे काय? आम्ही केवळ निषेधाचे ठराव मांडून थांबणार नाही. आमच्या सूचना अगदी व्यवहाराच्या आहेत.

पहिली सूचना: काम आधी लिहावे. 'परिसर स्वच्छ ठेवणे' हे कामाचे वर्णन नव्हे. किती चौरस मीटर, दिवसातून किती वेळा, कोणत्या साधनाने, पावसाळ्यात काय, हे लिहावे. काही अधिकारी आम्हाला सांगतात, 'आम्ही माणसे मोजणार नाही, निकाल मोजू.' विचार चांगला आहे. निकाल खरोखर मोजणार असाल तर. पण निकालही मोजायचा नाही आणि माणसेही मोजायची नाहीत, असे झाले म्हणजे कंत्राटदाराला दिवाळी. आणि ते लिहिताना जो ते काम वीस वर्षे करीत आहे त्या कामगाराला विचारावे. गटार कोठे तुंबते हे नकाशाला ठाऊक नसते, त्याला असते.

दुसरी सूचना: श्रमाचा दर चढाओढीतून बाहेर काढावा. माजी सैनिकांच्या सुरक्षा-संस्थांना पुनर्वसन महासंचालनालयामार्फत काम मिळते, तेव्हा पहारेकऱ्याचे वेतन आणि संस्थेचे शुल्क आधीच ठरवून दिलेले असते. जे पहारेकऱ्याला जमते ते सफाई कामगाराला का जमू नये? सरकारी मक्त्यात योग्य मजुरीचे कलम असावे, हा ठराव इंग्लंडच्या कॉमन्स सभेने १८९१ सालीच केला होता. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९४९ साली त्याचा आंतरराष्ट्रीय करार केला. अमेरिकेने १९६५ साली सेवांच्या सरकारी मक्त्यांसाठी वेगळा कायदा केला. तेव्हा आम्ही काही जगावेगळे मागत नाही. दर ठरलेला ठेवा, आणि चढाओढ होऊ द्या ती अनुभवावर, साधनांवर, कामगारांचा निधी वेळेवर भरल्याच्या दाखल्यांवर.

तिसरी सूचना: देखरेख हे मानाचे काम करावे. अधिकाऱ्याची बदली दोन-तीन वर्षांनी होते. त्याच्याबरोबर त्या मक्त्याची माहितीही जाते. प्रत्येक मोठ्या छावणीत हेच काम करणारी, शिकवलेली, टिकून राहणारी मुलकी माणसे हवीत. हजेरी कंत्राटदाराच्या वहीत नको, फाटकावरच्या नोंदीत हवी. फाटकातून आत गेलेल्यांचा आकडा आणि बिलातला आकडा महिन्याला एकदा शेजारी शेजारी ठेवले, तरी निम्मी चोरी थांबेल.

चौथी सूचना: कंत्राटदार बदलला तरी कामगार बदलू नये. आज काय होते? पाटी बदलते, झाडू तोच, हात तोच. फक्त नोकरीची वर्षे पुन्हा एकपासून मोजायची. नवा कंत्राटदार जुन्यांनाच घेईल आणि त्यांची मागची नोकरी धरील, असे एक कलम करारात घातले तर त्याला सरकारी तिजोरीतून फारसे काही पडत नाही, आणि लष्कराला अनुभवी माणूस मिळतो.

पाचवी सूचना: काही कामे मक्त्याने देऊच नयेत. ज्या कामात एका चुकीने माणसे मरतात, ते काम सर्वांत कमी दराच्या हवाली करणे हा हिशेबाचाही आणि माणुसकीचाही अपराध आहे. दारूगोळा हाताळणे हे त्यांत पहिले.

आणि संघटनांचेही कर्तव्य आहे. निविदा निघाली की ती वाचली पाहिजे. दर अशक्य असेल तर करार होण्याच्या आधी लेखी कळवले पाहिजे. काम सुरू झाल्यावर घोषणा देणे सोपे असते. करारातले एक कलम बदलून घेणे कठीण असते, पण टिकते तेच. कायम कामगाराने कंत्राटी कामगाराला आपल्या पंक्तीला बसवले पाहिजे; तो उपाशी राहिला तर आज ना उद्या आपलेही पान उचलले जाणार, हे ओळखले पाहिजे.

सीमेवरच्या जवानाविषयी आपल्या सर्वांच्या मनात आदर आहे, आणि तो असलाच पाहिजे. परंतु हा आदर छावणीच्या फाटकाशी येऊन थांबता कामा नये. जवानाच्या बराकीत ज्याने दिवा लावला, ज्याने पाणी चढवले, जिने त्याच्या जखमेची चादर धुतली, त्यांची मजुरी पुरती हातात पडते की नाही, हे विचारणे हेही देशाच्या संरक्षणाचेच काम आहे. हा प्रश्न आपण नागरिकांनी विचारावा, आपल्या लोकसभेच्या प्रतिनिधीला विचारायला लावावा, एवढी आमची विनंती आहे.